गुराबेची प्रतिकृती

कृष्णा आणि वारणा यांच्या दुआबातील इस्लामपूर हे गाव समुद्रापासून दूर, घाटावर वसलेले. नांगर व बैलगाडी घडविणारा सुतार तेथे मिळेल; गलबत बांधणारा मिळणार नाही. अशा गावी कोणी हौशी कारागीर मराठ्यांच्या आरमारातील गुराबेची प्रतिकृती करावयास बसला, तर त्याची पहिली अडचण लाकडाची नव्हे की हत्यारांची नव्हे. त्याच्यापुढे आराखडाच नसतो.

मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेल्या जहाजांची गोष्ट निराळी. 'त्रिंकोमाली' ही सागवानी युद्धनौका तेथे १८१७ साली पाण्यात उतरली. तिचे आराखडे घेऊन निघालेले 'जावा' हे जहाज १८१२ च्या अखेरीस अमेरिकनांनी नष्ट केले, तेव्हा ते नव्याने मागवावे लागले. ती नौका इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगत आहे. ज्यास शंका येईल त्याने जाऊन मोजून घ्यावे.

गुराब मात्र मोजावयास उरली नाही. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसनचे आरमार विजयदुर्गावर चालून आले. आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडून हस्तगत केलेल्या 'रेस्टोरेशन' जहाजावर गोळा पडून आग लागली, आणि तुळाजी आंग्रे यांचे दाटीने नांगरलेले आरमार तीत भस्मसात झाले. या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूस होते. हा भाग आपल्याकडे जरा हळू आवाजातच सांगितला जातो.

तेव्हा आधार राहिला तो शब्दांचा, आणि तोही परपक्षाच्या. रॉबर्ट ऑर्म याने १७६३ साली प्रसिद्ध केलेल्या इतिहासात गुराबेचे वर्णन आहे. डोलकाठ्या बहुधा दोन, क्वचित तीन; तीन डोलकाठ्यांची गुराब सुमारे ३०० टनांची, दोनांची १५० टनांच्या आतली. लांबीच्या मानाने रुंदी पुष्कळ, बूड उथळ, मध्यापासून पुढे निमुळती होत गेलेली. या मापांवरून सांगाडा उभा करणे हे अनुमानाचेच काम होय, आणि दोन प्रामाणिक कारागिरांच्या गुराबा एकमेकींशी जुळणार नाहीत.

प्रमाण एका फुटास पाव इंच धरावे. या प्रमाणात दोन इंच जाडीची फळी इंचाचा चोविसावा भाग होते. खरी गुराब सागवानी असली तरी इतक्या लहान कामात सागाच्या ठळक रेषा विसंगत दिसतात. बारीक पोताचे हेदूचे लाकूड बरे. शिडास नवे कापड घेतल्यास ते गोणपाटासारखे भासते. वापरून विरलेले तलम धोतर उत्तम.

खरी परीक्षा नाळेपाशी होते. विलायती जहाजांची चित्रे पाहिलेला हात तेथे आपोआप उंच, फुगीर तोंड घडवितो व भोवती कठडा लावतो. ऑर्मचे सांगणे याच्या उलट आहे. गुराबेची नाळ लांब पुढे आलेली, तिची तक्तपोशी मुख्य तक्तपोशीच्याच पातळीत, आणि दोहोंमध्ये आडवी भिंत. त्या भिंतीच्या झरोक्यांतून नऊ किंवा बारा रत्तली गोळ्यांच्या दोन तोफा नाळेवरून समोर मारा करीत. समोरून लाटा आल्या की अशी गुराब फार हिंदकळे. म्हणून नाळेच्या कडा उघड्याच ठेवीत, की वर चढलेले पाणी न अडता दोहों अंगांनी ओसरून जावे. कठडा लावला की ते पाणी नाळेवरच कोंडणार, आणि झरोक्यांतील तोफांचा माराही अडणार.