प्लेगची धास्ती, सोजिरांचा धसका

१८९६च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग सापडला आणि परदेशी बंदरं आपल्या जहाजांना बंद होतील, या धास्तीनं सरकारला घेरलं. फेब्रुवारी १८९७मध्ये घाईघाईनं साथरोग कायदा आला. त्याच्या जोरावर पुण्यात प्लेग अधिकारी रँडच्या हुकमतीखाली गोरे सोजिर घराघरांत घुसले. देवघरंही सुटली नाहीत, सामानसुमान रस्त्यावर आणून जाळलं. माणसाला विलगीकरण छावणीत नेतील म्हणून लोक तापानं फणफणलेला रोगी घरातच लपवू लागले. साथ आटोक्यात यायची कशी? उंदरांवरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ सिमाँ यांनी दाखवलं १८९८मध्ये. तोवर रँडचा खून झाला होता, त्याबद्दल दामोदर चाफेकर फासावर गेले होते. १८९७चा तो साथरोग कायदा २०२०च्या कोरोनाकाळातही वापरला गेला.