औक्षणानंतरचा अंक

गणेशोत्सवाच्या मंडपात किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनात सैनिकावरील नाटक बहुधा एकाच ठिकाणी संपते. जवान दारात उभा राहतो, आई भाकरतुकडा ओवाळून टाकते, पत्नी औक्षण करते आणि पडदा पडतो. वास्तविक नाटक तेथून सुरू व्हावयास हवे.

जर्मन लेखक वोल्फगांग बोर्खेर्ट यांनी ते जाणले होते. 'दाराबाहेर' अशा अर्थाचे नाव असलेले त्यांचे नाटक १९४७ साली हॅम्बर्गला रंगमंचावर आले. सैबेरियातील बंदिवासातून परतलेल्या त्यातील बेकमनला प्रत्येक दार बंदच आढळते. पत्नीने दुसऱ्याशी संसार मांडलेला, आईवडील हयात नाहीत. पहिल्या प्रयोगाच्या आदल्याच दिवशी, वयाच्या २६ व्या वर्षी, लेखकाचेही निधन झाले.

आपल्याकडे दार उघडे असते. अडचण उंबरठा ओलांडल्यावर जाणवते. पंधरा-सतरा वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतन घेऊन आलेला जवान पुष्कळदा चाळिशीच्या आतच असतो. चाकणचा कांदा-बटाट्याचा बाजार त्याच्या ओळखीचा. भोवती उभे राहिलेले मोटारींचे कारखाने मात्र अनोळखी. सात-बारा, सोसायटीचे कर्ज, बांधावरचा तंटा, मुलांची शाळा हे सारे पत्नीने एकटीने निभावलेले असते. आजवर सुट्टीवर येणारा पाहुणा आता कायमचा घरधनी होऊ पाहतो. कपाटाच्या किल्ल्या यापुढे कोणाकडे राहावयाच्या? बंदुकीच्या आवाजाहून हा प्रश्न नाट्यमय आहे, आणि त्याला नेपथ्याचा खर्चही नाही!

मुरलीकांत पेटकर यांचे उदाहरण तर याच परिसराच्या जवळचे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना कायमचे अपंगत्व आले. १९७२ साली हायडेलबर्ग येथील अपंगांच्या जागतिक क्रीडास्पर्धेत त्यांनी ५० मीटर जलतरणात सुवर्णपदक मिळविले; 'पद्मश्री' लाभली ती २०१८ मध्ये, तब्बल ४६ वर्षांनी. २०२४ मध्ये त्यांच्यावर चित्रपटही निघाला. नाटककाराचे लक्ष साहजिकच त्या तलावाकडे जाईल. परंतु पुण्यात त्यांना टेल्कोची नोकरी मिळाली, ही साधी गोष्टही तितक्याच मोलाची आहे. परतलेल्या माणसाला पदकाआधी काम लागते.

महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांत भूमिका करणारे कामगार कारखान्याच्या फाटकावर पहारा करणाऱ्या माजी सैनिकाला रोज पाहतात. त्याला एकदा तालमीस बोलवावे. मात्र त्याच्या पत्नीलाही बोलवावे. मधल्या वर्षांचा हिशेब तिच्याजवळ आहे.