एक भिंत ठेक्याबाहेर ठेवा

कलाशिक्षक बंधुभगिनींनो,

वर्षाचा आढावा घेण्याची अध्यक्षाची रीत आहे. रिक्त पदे, चित्रकलेच्या कमी झालेल्या तासिका, ग्रेड परीक्षा यांवर ठराव येणारच आहेत. त्या सगळ्यांना माझा पाठिंबा. मला बोलायचे आहे ते शाळेच्या भिंतींविषयी, आणि त्यासाठी मी बरीच वर्षे थांबलो आहे.

बोलक्या भिंतींसाठी, म्हणजे शाळेच्या भिंती चित्रांनी रंगवण्यासाठी, पैसा येतो, चांगली गोष्ट आहे. पण रंगवतो कोण? ठेकेदार. तेही मे महिन्यात, मुले नसताना. जिल्हा कोणताही असो, तीच चार धर्मचिन्हे, हातात हात घातलेली तीच मुले, खाली सुविचार आणि वर चकचकीत ऑइलपेंट. जूनमध्ये मुले येतात, दोन दिवस बघतात, मग त्या चित्राला पाठ टेकून डबा खातात. वारली कलेची तर आपण नुसती किनार करून टाकली. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर लग्नाचा चौक सवाशिणी काढतात, तांदळाच्या पिठाने, आणि त्यात पालघट देवी असते. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर, जगभर नेली. आपण मात्र तारपा नाच स्टेन्सिलने छापतो आणि वर्गातल्या वारली मुलाला एका शब्दाने विचारत नाही. हे मला सहन होत नाही.

मन खुले करणारी भिंत बघायची असेल तर शांतिनिकेतनच्या हिंदी भवनात जा. १९४६-४७ साली, देश फाळणीच्या दारात उभा असताना, चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जींनी तिथे ओल्या गिलाव्यावर मध्ययुगातले संत रंगवले. कबीर मागावर आहे, भोवती साधीसुधी माणसे आहेत. संत कोणता आणि वाटसरू कोणता, हे शोधत बघणाऱ्याला भिंतीच्या कडेने चालत जावे लागते.

काल इथल्या परिसंवादात वाद झाला: भिंतीवरच्या चित्राचा विषय कोणी द्यायचा, चित्रकाराने, व्यवस्थापन समितीने की मुलांनी? माझ्यापुरता हा वाद साखरपट्ट्यातल्या एका शाळेत मिटला. तिथे दिवाळीनंतर ऊसतोड मजुरांची मुले यायची. बागायतदारांची मुले एका बाजूला, मजुरांच्या कोप्यांवरची दुसऱ्या बाजूला. पाण्याच्या टाकीशेजारची भिंत चुना देऊन घेतली, गेरू कालवला, काड्या ठेचून कुंचले केले आणि एवढेच म्हणालो, ‘ऊस काढा.’ एका मुलाने हिरवेगार शेत काढले. शेजारी सातवीतल्या एका मुलीने डोक्यावर मोळी घेतलेली बाई काढली, उभ्या फळीवरून ट्रकमध्ये चढणारी. ‘असं कुणी चढतं का?’ त्याने विचारले. ‘माझी आई चढते. रात्री. तू झोपलेला असतोस.’ तो गप्प झाला. मग त्याने आपल्या शेतात ट्रक उभा करायला जागा सोडली आणि ती फळी कुठे टेकते हे तिलाच दाखवायला सांगितले. सुविचाराने हे झाले असते, असे ज्यांना वाटते त्यांनी उठून सांगावे.

व्यवस्थापन समितीतल्या काहींना मुलांनी भिंतीवर काढलेला कोयता खटकला. पुढच्या सुट्टीत त्या भिंतीवर निळा ऑइलपेंट बसला. मला कोणी विचारले नाही.

कायमस्वरूपी चित्रच हवे, धूळ पुसून घेता येईल असे हवे, असे म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना माझा साफ विरोध आहे. मुले दरवर्षी नवी येतात. भिंतीलाही दरवर्षी नवा चुना द्या. चुना, गेरू आणि काजळी यांचा खर्च ऑइलपेंटच्या एका डब्याहून जास्त नाही.

तेव्हा प्रत्येक शाळेत एक भिंत, मुलांच्या हाताला येईल एवढ्या उंचीची, ठेक्यातून वगळावी असा ठराव मी मांडतो. शिक्षण खात्याकडे एक शिष्टमंडळ न्यावे लागेल, एक छोटी पुस्तिकाही काढावी लागेल; ते कोणी करायचे ते दुपारी बसून ठरवू. ठरावाला अनुमोदन कोण देते?