खोकला नव्हता, तरी क्षय होता
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज चार शब्द बोलावेत असा तुम्ही सर्वांनी आग्रह केला. मी सातवी पास झालेली, घरसंसार सांभाळणारी बाई. व्याख्यान देणे मला येत नाही. पण माझ्या घरी जे घडले ते ऐकून कोणा एकीची लेक वेळेवर बरी होईल, म्हणून उभी राहिले आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या लेकीच्या मानेवर, कानाखाली, सुपारीएवढी गाठ आली. दुखत नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "अगं, गंडमाळ असेल, दाखवून घे." मी मात्र लेप लावीत बसले. तिच्या लग्नाची बोलणी चालली होती. क्षयाचे नाव बाहेर फुटले तर स्थळ मोडेल, या भीतीने मी दोन महिने घालविले. ती चूक माझी.

पुढे छातीचा फोटो काढला. तो स्वच्छ निघाला. खोकला नाही, कफ नाही. मला वाटले, सुटलो! पण गाठ वाढतच गेली. एका दवाखान्यात ती काढून तपासली, क्षय आहे असे सांगितले आणि गोळ्या सुरू केल्या. तीन महिने नेमाने गोळ्या घेऊनही शेजारी दुसरी गाठ उठली.

तेव्हा आम्ही सरकारी रुग्णालय गाठले. तेथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "गाठीचा तुकडा कशात घालून पाठविला होता?" सगळा तुकडा फॉर्मेलिनमध्ये घातला होता. त्यात जंतू मरतो. मग तो वाढवून पाहता येत नाही आणि कोणते औषध त्याला लागू पडेल हे नीट कळत नाही. बाईंनी नव्या गाठीतून सुईने पू काढला व सलाईनच्या पाण्यात घालून पाठविला. यंत्रावरच्या तपासणीत कळले की रिफॅम्पिसिन हे मुख्य औषध त्या जंतूला लागूच पडत नव्हते!

मी विचारले, "बाई, छातीचा जंतू वेगळा आणि गाठीचा वेगळा असतो का हो?"

त्या म्हणाल्या, "नाही ताई, जंतू तोच. श्वासावाटे छातीत शिरतो. तेथून रक्तातून गाठीत, मणक्यात, मेंदूच्या आवरणात, गर्भाशयाच्या नळ्यांत, कोठेही जाऊन बसतो. मात्र त्याची कुळे निरनिराळी आहेत."

मग त्यांनी समजावून सांगितले. हा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली जगापुढे मांडला. १९९८ साली त्याची जनुकांची सगळी अक्षरे वाचून झाली. ती सुमारे ४४ लाख भरली. दोन कुळांत फरक काय तो हजार-दोन हजार अक्षरांचा. आपल्या देशात मुख्यतः चार कुळे सापडतात. दक्षिणेत एकाचा भरणा, उत्तरेत दुसऱ्याचा. गाठीतले नि मणक्यातले जंतू तपासले तर तेही याच कुळांतले निघतात. काही ठिकाणी एखादे कूळ छातीबाहेर अधिक आढळले आहे. पण रोग कोठे बसतो हे माणसाच्या अंगच्या ताकदीवरही असते. आणि औषधाला दाद न देण्याचा गुण एखाददुसरे अक्षर बदलल्यानेही येतो, मग कूळ कोणतेही असो.

म्हणजे गाठीचा क्षय हा हलका क्षय, असे मुळीच नाही. छातीत जी तपासणी लागते, तीच गाठीलाही लागते.

गोळ्या बदलल्या आणि लेक बरी झाली. तपासणी व औषधे फुकट मिळाली. खुराकासाठी सरकार नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये देते. क्षय केवळ गाठीत असेल, छातीत नसेल, तर तो सहसा दुसऱ्याला लागत नाही. तेव्हा लेकीचे ताट-वाटी वेगळे मांडण्याचे कारण नाही.

भगिनींनो, न दुखणारी गाठ, महिनोन्‌महिने पाठदुखी, बारीक ताप, मूल न राहणे, यांमागेही क्षय असू शकतो. गाठ तपासायला द्याल तेव्हा डॉक्टरांना एवढेच विचारा, "थोडा भाग सलाईनमध्ये घालून जंतूच्या तपासणीला पाठविणार ना?" हे विचारायला सातवीसुद्धा लागत नाही.

आणि लग्न मोडेल म्हणून आजार लपवू नका. स्थळे पुन्हा येतात.