हवेच्या बंदुकीची निगा

(ज्ञातिसंमेलनात महाड येथे केलेले भाषण)



आमची सारी हयात खडू-फळ्यापुढे गेली. वाकस आणि रंधा आमच्या तीर्थरूपांच्या हाती शोभले. आम्हांस त्यांनी मॅट्रिकपर्यंत शिकविले आणि घरचा व्यवसाय धाकट्या बंधूंकडे गेला. तेव्हा सुतारांच्या सभेत हत्यारांविषयी बोलण्याचा आमचा अधिकार तो काय, असे कोणी विचारील. उत्तर एवढेच की, निवृत्तीनंतर घरच्या कारखान्यातील बिघडलेली यंत्रे आमच्यापुढे येऊन पडतात आणि त्यांची माहितीपत्रके वाचून उलगडा करण्याचे काम आम्ही करितो.

आमची मुले जिला ‘नेलगन’ म्हणतात, तिची रचना सायकलच्या पंपाहून फार निराळी नाही. नळकांड्यात एक दट्ट्या असतो व त्यास पोलादी पाते जडलेले असते. घोडा दाबला की कॉम्प्रेसरची दाबलेली हवा दट्ट्यावर आदळते आणि पाते खिळ्यास लाकडात घालते. पंपाच्या वायसरप्रमाणे येथे रबराची बारीक कडी असतात. त्यांस ओ-रिंग म्हणतात. यंत्राचे बहुतेक आजार या कड्यांत, नाही तर पाण्यात असतात.

पाणी कोठून आले? आपल्या सावित्रीकाठच्या हवेतून. पावसाळ्यात येथे भिंतींना घाम फुटतो, हे आपण जाणताच. अशी दमट हवा टाकीत दाबली आणि ती निवली, की तिच्यातील वाफेचे पाणी होऊन तळाशी साचते. ते नळीवाटे नेलगनमध्ये जाते, तेल धुऊन काढते व आत गंज धरतो. सबब रोज संध्याकाळी दाब उतरवून टाकीच्या तळाची तोटी उघडावी. श्रावणात कपभर तांबूस पाणी निघालेले आम्ही पाहिले आहे. दसऱ्यास हत्यारांना फुले वाहणारे आमचे बांधव ही तोटी मात्र सहा-सहा महिने उघडीत नाहीत!

२२ जुलै २०२१ चा पूर कोण विसरेल? त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली. त्या दुःखापुढे हत्यारांचे नुकसान बोलण्यासारखे नव्हे. परंतु किती तरी घरांची चूल त्या हत्यारांवरच पेटत होती. आमच्या बंधूंच्या दोन नेलगन गाळात सापडल्या. एक आम्ही लागलीच उघडून स्वच्छ पाण्याने धुतली, पुसली, तेल दिले; ती आजही चालते. दुसरी कामगाराने तशीच उन्हात वाळवली. दट्ट्या आत जो धरला तो सुटलाच नाही. कॉम्प्रेसरची टाकी तर आम्ही भंगारात घातली. आतून गंजलेला पत्रा बाहेरच्या रंगावरून कळत नाही आणि तो दाबाखाली फुटला तर जीव जातो. पुरातली टाकी रंगवून कोणी स्वस्तात देऊ लागल्यास घेऊ नये.

आता तेल. कामाच्या आरंभी हवा शिरते त्या भोकात दोन-तीन थेंब पुरेत, तेही हवेच्या हत्यारांसाठी मिळणारे. काही यंत्रांस तेल चालत नाही, माहितीपत्रक पाहावे. स्वयंपाकघरातील खोबरेल घालणारे महाभाग आमच्या घरातच निघाले. पौषातल्या सकाळी बाटलीत गोठणारे तेल दट्ट्याभोवती गोठणार नाही काय?

खिळा न येता नुसताच बार होत असेल, तर खिळ्यांच्या पेटीतील स्प्रिंग, भुसा आणि गंजलेली पट्टी पाहावी. खिळे बरोबर मापाचे आहेत ना, हेही पाहावे. खिळ्याचे डोके वर राहिले तर दाब थोडा वाढवावा. बहुतेकांस दर चौरस इंचास ७० ते १०० पौंड चालतो, परंतु अंगावर छापलेली मर्यादा ओलांडू नये. घोड्यापाशी फुसफुस ऐकू आली तर तेथील कडे गेले. वरच्या टोपणातून सतत हवा गळत असेल तर तेथील कडी व वायसर तपासावीत. सागाच्या गाठीवर खिळा वाकून अडकणे हे नित्याचेच. तोच प्रकार साध्या प्लायवूडवरही होऊ लागला, तर पात्याचे टोक झिजले असे समजावे.

अडकलेला खिळा काढण्यापूर्वी मात्र नळी सोडवावी. आमच्या पुतण्याने पोलादपुराकडील एका कामावर हवा चालू ठेवून पक्कडीने खिळा ओढला. बोट घोड्यावर गेले. खिळा डाव्या अंगठ्याच्या मुळातून आरपार गेला. मुलगा बरा झाला, पण पटाशी धरताना तो अंगठा आजही पुरता वळत नाही. तोंडाशी असलेली, लाकडावर टेकल्यावाचून बार होऊ न देणारी सुरक्षा-पट्टी काही जण कामाच्या घाईत तारेने बांधून ठेवतात. तसे बांधलेले यंत्र आम्ही दुरुस्तीस हाती घेत नाही.

मंडपाच्या डाव्या बाजूस मेजावर एक बिघडलेली नेलगन उघडून ठेविली आहे. तिची जुनी कडी आणि नवी कडी शेजारी मांडली आहेत. भोजनानंतर तरुणांनी यावे, ती आपल्या हाताने जोडावी.