मोटारीची जमिनीशीं सलगी

मोटारगाडी जमिनीला जितकी लगटून चालेल तितकी ती देखणी, अशी एक अभिरुचि तरुण वर्गांत रुजली आहे. एके काळीं वाहनाची प्रतिष्ठा त्याच्या उंचीवरून ठरत असे. हत्तीवरच्या अंबारीचा मान घोड्याला नव्हता आणि घोड्याचा मान बैलगाडीला नव्हता. मोटारीनें हा दंडक उलटा केला. परभणीच्या रस्त्यावर एमएच २२ या अक्षरांची एखादी गाडी नाक खालीं करून, जणूं जमीन हुंगत चालली आहे अशी दिसली, तर कोणास नवल वाटूं नये. परंतु एकदां गाडी खालीं आणली म्हणजे मालकाचें समाधान होतेंच असें नाहीं. आणखी थोडी, विशेषतः पुढून, असा आग्रह मागोमाग उभा राहतो. या 'आणखी थोड्या'ची किंमत कोण देतो आणि कशी देतो, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं.

मोटारीचा सांगाडा चाकांवर थेट ठेवलेला नसतो. दोहोंच्या मध्यें स्प्रिंग असते. ती वजन पेलते. स्प्रिंग एकदां दबली म्हणजे वरखालीं झोके घेत राहते. ते झोके शमविण्याचें काम तेलानें भरलेलें एक नळकांडें करतें. त्यालाच कारागीर 'शॉकअप' म्हणतात. तिसरी गोष्ट मात्र सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं, कारण ती वस्तु नसून मोकळी जागा आहे. उंचवटा आला असतां चाकाला वर सरकतां यावें म्हणून जें अंतर राखलेलें असतें, त्याला चाकाची 'चाल' म्हणावें. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्यानें स्प्रिंग, शॉकअप आणि चाकाचा आधार मिळून एकच खांब बनविला. १९५० मध्यें फोर्ड कंपनीनें इंग्लंडांत लोकांपुढें ठेवलेल्या गाड्यांत तो होता, आणि १९८३ मध्यें अवतरलेल्या मारुति ८०० च्या पुढच्या चाकांवरहि तोच होता. पुढें भारतांतील बहुतेक लहान गाड्यांनीं त्याचाच स्वीकार केला.

कॉइलओव्हर हा याच खांबाचा शर्यतींत वाढलेला भाऊ होय. त्याच्या अंगावर आटे पाडलेले असतात, आणि त्या आट्यांवर फिरणाऱ्या कड्यावर स्प्रिंग टेकलेली असते. कडें खालीं फिरविलें कीं स्प्रिंगची बैठक खालीं जाते आणि तिच्याबरोबर गाडीहि खालीं येते. शर्यतीच्या मार्गाचा पृष्ठभाग कसोशीनें सपाट राखलेला असतो. तेथें चाकाला फारशी चाल लागत नाहीं, म्हणून हा सौदा परवडतो. कांहीं कॉइलओव्हरना तळाशीं दुसरे आटे असतात. त्यांत संपूर्ण नळकांडेंच खालच्या आधारांत उतरवितां येतें, आणि शॉकअपच्या आंतली चाल कमी न होतां उंची घटते. साध्या प्रकारांत मात्र उंचीबरोबर चालहि जाते.

आतां अशी कल्पना करावी कीं, परभणीच्या एका गॅरेजांत एक तरुण आपली गाडी घेऊन आला आहे. गाडी अगोदरच ४० मिलिमीटर खालीं आलेली आहे. पुढचीं कडीं तळाला टेकत आलीं आहेत. तरुण म्हणतो, "उस्ताद, फक्त दोन बोटं अजून खाली घ्या." म्हातारा मिस्त्री हात पुसत उत्तर देतो, "दोन बोटं देतो बेटा, पण ती चाकाकडून काढून घ्यावी लागतील. चाकाकडं आता उरलं किती, ते आधी बघू."

मिस्त्रीच्या या बोलण्यांत सारें गणित सांठविलें आहे. समजा, मूळ गाडींत चाकाला वर जाण्यासाठीं ८० मिलिमीटर चाल होती. गाडी ४० मिलिमीटर खालीं आली, तेव्हां ती निम्मी उरली. आणखी २० घेतले तर चौथा हिस्सा उरेल. धक्क्याची जी शक्ति स्प्रिंग सांठविते ती दबण्याच्या अंतराच्या वर्गावर अवलंबून असते. म्हणून तोच धक्का निम्म्या अंतरांत पेलावयाचा झाला तर स्प्रिंग चौपट कडक हवी, आणि चौथ्या हिश्शांत पेलावयाचा झाला तर सोळापट. इतक्या कडक स्प्रिंगवर माणसें बसवून गाडी चालविणें शक्य नसतें. त्यामुळें प्रत्यक्षांत स्प्रिंग थोडीबहुत कडक केली जाते आणि उरलेला धक्का तळाच्या रबरी ठोकळ्यावर आदळतो. ब्रेक दाबतांना गाडीचें नाक आधींच खालीं झुकलेलें असतें. अशा वेळीं वळणावर खांब ठोकळ्याला टेकला, तर त्या चाकाची स्प्रिंग क्षणभर असून नसल्यासारखी होते, टायर रस्त्यावरून उसळतो आणि स्टिअरिंग हातांत असूनहि गाडी हातांत राहत नाहीं. खरा धोका येथें आहे.

तळाच्या आट्यांचा कॉइलओव्हर असेल तर शॉकअपची चाल वांचते हें खरें. तथापि टायर मडगार्डला घासूं लागतो आणि दुसरा एक दोष तसाच राहतो. मूळ उंचीवर चाकाला धरणारा खालचा दांडा बाहेरच्या बाजूस किंचित् उतरता असतो. गाडी फार खालीं गेली म्हणजे तो आडवा होऊन पुढें उलट दिशेनें चढता होतो. त्याबरोबर वळणावर गाडी ज्या बिंदूभोंवतीं कलते तो बिंदु गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षां अधिक वेगानें खालीं जातो. दोहोंतलें अंतर म्हणजे कलविणाऱ्या तरफेची दांडी, ती लांबते. गाडी कमी कलावी म्हणून खालीं आणावी आणि तिनें अधिक कलूं पाहावें, असा हा विपरीत न्याय आहे. शिवाय स्टिअरिंगच्या दांड्यांचे कोन बदलल्यामुळें उंचवट्यावर चाकें आपोआप वळूं पाहतात.

गाडी खालीं आणण्यांत लाभ मुळींच नाहीं असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. गुरुत्वमध्य ५५ सेंटिमीटर उंचीवरून ५१ वर आला, तर वळणावर आंतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारा भार सुमारें ७ टक्क्यांनीं कमी होतो. माफक प्रमाणांत, योग्य स्प्रिंग घालून केलेला बदल गाडीला चपळ करतो. पहिलीं बोटें कांहीं देतात. शेवटचीं बोटें मात्र बहुधा केवळ घेतात.

त्यांतून ही भूमि परभणीची. जिल्ह्याची काळी जमीन कापसाला आणि ज्वारीला जितकी मानवते तितकीच रस्त्यांना जाचते. या मातींतील मॉन्टमोरिलोनाइट नांवाचें खनिज पाण्यानें फुगतें आणि उन्हानें आकसतें. पावसाळ्यांत जमीन वर येते, उन्हाळ्यांत तिला भेगा पडतात, आणि वरचा रस्ता, त्याचा पाया पुरेसा भक्कम नसेल तर, हळूहळू लाटांसारखा होतो. खड्डा दिसतो, चुकवितां येतो. लाट दिसत नाहीं. वेगांतली गाडी तिच्यावरून उचलली जाऊन खालीं बसते तेव्हां चाकाला सारी चाल लागते.

गतिरोधकांचें गणितहि पाहण्यासारखें आहे. भारतीय रस्ते परिषदेच्या १९८८ च्या मानकांत गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा, असें सांगितलें होतें. चाकांतील अंतर २.४५ मीटर असलेली गाडी त्यावरून जातांना तिच्या पोटाला मधोमध सुमारें साडेचार सेंटिमीटर मोकळीक पुरते. परंतु तितक्याच उंचीचा अरुंद, उभट गतिरोधक पुरे १० सेंटिमीटर मागतो. १६ सेंटिमीटर मोकळीक असलेली गाडी पुढून ६ सेंटिमीटर खालीं आणली आणि आंत चार माणसें बसलीं, कीं ही मागणी पुरी होत नाहीं. इंजिनाखालची तेलाची टाकी तिची भरपाई करते.

कायद्याचाहि येथें संबंध येतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम गाडींतील फेरबदलांवर निर्बंध घालतें. निर्मात्यानें ठरविलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत फेरबदल चालणार नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें स्पष्ट केलें. त्याच वर्षीं झालेल्या दुरुस्तीनें अनधिकृत फेरबदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागें ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. कड्याला पाना लावण्यापूर्वीं परिवहन कार्यालयांत विचारणा करणें हेंच शहाणपणाचें.

पुन्हां त्या गॅरेजाकडे वळावें. मिस्त्री तरुणाशीं वाद घालीत नाहीं. स्प्रिंग कापून किंवा तापवून गाडी खालीं आणण्याची सूचना एकजण करतो, ती तो मानेनेंच नाकारतो. कारण कापलेल्या स्प्रिंगचें टोक बैठकींत नीट बसत नाहीं आणि तापविलेल्या पोलादाचें पाणी उतरतें. तो शॉकअपच्या चकचकीत दांडीवर प्लास्टिकची एक बारीक पट्टी आवळून बांधतो, ती खालीं नळकांड्याच्या तोंडाशीं सरकवितो आणि सांगतो, "घरच्या माणसांना बसव, गंगाखेडला जाऊन ये. मग बोलू."

संध्याकाळीं गाडी परत येते. नळकांडें वर सरकतांना पट्टीला ढकलीत जातें आणि जेथवर गेलें तेथेंच तिला सोडून खालीं येतें. तेव्हां चाकानें किती चाल वापरली याची ती मूक साक्ष होय. पट्टी थेट रबरी ठोकळ्याला भिडलेली असते. मागच्या बाकावर बसलेली आई एवढेंच म्हणते कीं, वाटेंत दोनदां कांहीं तरी जोरानें आपटलें. तरुण बराच वेळ त्या पट्टीकडे पाहत राहतो. दोन बोटें मागावयास आलेला तो, आतां कडें किती वर न्यावें असें विचारतो.

मिस्त्री दोन्ही बाजूंचीं कडीं सारखीं ५ मिलिमीटर वर घेतो, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचें अंतर माणसें बसवून मोजतो, स्टिअरिंग दोन्ही अंगांना पुरतें वळवून टायर कोठें घासत नाहीं ना तें पाहतो, पट्टी पुन्हां खालीं सरकवितो आणि गाडी पुन्हां रस्त्यावर पाठवितो. पट्टी आणि ठोकळा यांच्यामध्यें थोडी जागा उरेपर्यंत हा क्रम चालतो. शेवटीं अलाइनमेंट होतें आणि दिव्यांचा झोत नव्यानें बसविला जातो. गाडी अजूनहि मूळच्यापेक्षां खालींच असते आणि डौलदारहि दिसते. परंतु चाकाच्या वाट्याची जागा चाकाला परत मिळालेली असते, आणि मागच्या बाकावरचीं माणसें गंगाखेडहून न आपटतां घरीं येतात.