जीवसंख्या : मोजणी, घट आणि वारसा



'लोकसंख्या' हा शब्द प्राथमिक शाळेत भूगोलाच्या तासाला येतो आणि तेथेच राहतो. पुढे विज्ञानाच्या पुस्तकात वाघांची किंवा बेडकांची लोकसंख्या असा प्रयोग आला की चलाख विद्यार्थी हसतात. वाघ हे 'लोक' केव्हापासून झाले, असे त्यांना वाटते. त्यांचे हसणे अगदीच अस्थानी नाही. म्हणून जीवशास्त्रात 'जीवसंख्या' हा शब्द पत्करलेला बरा. मात्र त्यातील 'संख्या' या पदामुळे दुसरा घोटाळा होतो. जीवसंख्या म्हणजे केवळ आकडा नव्हे. एका जातीचे, एका प्रदेशात, एकाच काळी राहणारे आणि आपापसांत प्रजोत्पादन करू शकणारे जे जीव, त्यांचा तो समूह होय. आकडा हा त्या समूहाचा एक गुण आहे. जन्माचे प्रमाण, मृत्यूचे प्रमाण, लहानमोठ्या वयाची वाटणी आणि पिढीजात गुणांचा साठा हेही त्याचेच गुण आहेत. यांपैकी एकही गुण एकट्यादुकट्या प्राण्याच्या ठिकाणी सापडत नाही. एक चिमणी जन्मते व मरते. तिला जन्मप्रमाण नसते.

'जाती' या शब्दाविषयीही एक सावधगिरी हवी. जीवशास्त्रातील जाती आणि समाजातील जात यांचा काडीचाही संबंध नाही. पृथ्वीवरील यच्चयावत माणसे एकाच जातीची आहेत, हे वर्गात पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे. नाहीतर मुले घरून आणलेला अर्थ त्या शब्दात भरतात.

आता मोजणी. तळ्यातील मासे किंवा रानातील ससे रांगेत उभे करून मोजता येत नाहीत. डेन्मार्कमधील मत्स्यशास्त्रज्ञ पीटरसन याने १८९६ च्या सुमारास जी युक्ती काढली, ती चिंचोक्यांनी दाखविता येते. मडक्यात न मोजता चिंचोके भरावेत. त्यांतील ५० काढून त्यांना चुना लावावा, वाळवून परत टाकावेत आणि मडके चांगले हलवावे. मग न पाहता ६० चिंचोके काढावेत. त्यांत चुना लावलेले ६ निघाले, तर दर दहांत एक खुणेचा आहे. खुणेचे एकूण ५०, म्हणून मडक्यात सुमारे ५०० चिंचोके असले पाहिजेत. शेवटी सर्व चिंचोके मोजून ताळा पाहावा. उत्तर चुकले तर अधिकच उत्तम, कारण मग चूक कोठे झाली याचा शोध सुरू होतो. मडके नीट हलविले नसेल. किंवा काहींचा चुना निघून गेला असेल. तसे झाल्यास खुणेचे कमी सापडतात आणि अंदाज फुगतो. वाघांच्या गणनेत चुन्याची गरज पडत नाही, कारण प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात व स्वयंचलित कॅमेऱ्याच्या छायाचित्रांवरून तोच वाघ पुन्हा ओळखता येतो. २०२२ च्या गणनेत भारतातील वाघांचा सरासरी अंदाज ३,६८२ आला. तो 'अंदाज' आहे, हे मुलांना आवर्जून सांगावे.

जीवसंख्येचा विचार केल्यावाचून जी गोष्ट मुळीच समजत नाही, तिचे उदाहरण आपल्या गावकुसाबाहेरच घडले. मेलेली गुरे टाकण्याच्या जागी पूर्वी गिधाडांचे थवेच्या थवे उतरत असत. आज पंचविशीच्या आतील बहुतेक शिक्षकांनी तो देखावा पाहिलेला नसेल. १९९२ ते २००७ या काळात भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे हजारांत एखादे उरावे इतकी घटली. लांब चोचीच्या गिधाडांचीही शंभरांतील सुमारे सत्त्याण्णव नाहीशी झाली. आधी साथीच्या रोगाचा संशय होता. २००४ साली कारण उघड झाले. बैलाचा पाय सुजला, गाईला ताप आला, म्हणजे डायक्लोफिनॅक नावाचे वेदनाशामक औषध टोचण्याचा प्रघात पडला होता. औषध दिल्यावर थोड्याच दिवसांत जनावर दगावले, तर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होत आणि ते मरत असे.

येथे कोणीही शंका घेईल की, अशी औषध दिलेली व लगेच मेलेली जनावरे असून असून किती असणार? शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर सातवीच्या गणितात आहे. समजा, दर २०० मृत जनावरांत एकच जनावर गिधाडाला मारक ठरते, म्हणजे एका भोजनात जगण्याची शक्यता ०.९९५. गिधाड तीन दिवसांतून एकदा जेवते असे धरले, तर वर्षाची भोजने सुमारे १२० होतात. ०.९९५ ला त्याच संख्येने १२० वेळा गुणत गेल्यास उत्तर सुमारे ०.५५ येते. म्हणजे वर्षाअखेर १०० पैकी ४५ गिधाडे मेलेली असतील! प्रत्यक्षात, २००० नंतर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची घट दरवर्षी शेकडा चाळिसांहून अधिक होती. शास्त्रज्ञांनीही हिशेब करून हेच दाखविले की, शेकडा एकाहून कमी मृत जनावरे विषारी असली तरी एवढा विनाश होऊ शकतो.

मरणाची भरपाई जन्माने का झाली नाही, हा पुढचा प्रश्न. उंदरांत ती झाली असती. गिधाडाची मादी वर्षाकाठी एकच अंडे घालते आणि पिलू वयात येण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. दीर्घायुषी आणि मंद वाढीच्या जीवसंख्येचा सारा भार प्रौढांच्या जगण्यावर असतो. दरसाल शेकडा ४४ ची घट धरून २०० गिधाडांचा हिशेब फळ्यावर मांडावा : ११२, ६३, ३५, २०, ११. आज जन्मलेले पिलू वयात येईपर्यंत वसाहतच उठलेली असते. एकाही शेतकऱ्याने गिधाड मारले नाही, मारण्याचा हेतूही कोणाचा नव्हता. आणि मेलेले एखादे गिधाड पाहून यातले काहीच कोणाला कळले नसते. मोजणी करणारे होते म्हणून कळले.

जनावरांसाठी हे औषध वापरण्यास भारतात २००६ मध्ये बंदी झाली. परंतु माणसांसाठी विकल्या जाणाऱ्या मोठ्या कुप्या गोठ्यात येतच राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या कुपीचा आकारही लहान करावा लागला. त्याच कामाचे मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना अपाय करीत नाही. ही माहिती पालकसभेत सांगण्याजोगी आहे. वर्गातील मुलांपेक्षा तिचा उपयोग त्यांच्या वडिलांना अधिक.

तिसरी बाजू आनुवंशिकतेची. येथे जीवसंख्येकडे जनुकांचा सामाईक साठा म्हणून पाहावयाचे असते. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली, चंद्रपूर या भागांतील शिक्षकांना सिकलसेलचा आजार परिचित आहे. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात. सदोष जनुक आई व वडील या दोघांकडूनही आले तर मूल आजारी असते. एकाकडूनच आले तर ते केवळ वाहक असते व बहुधा निरोगी आयुष्य जगते. मडक्यात ९० काळे व चुना लावलेले १० चिंचोके घ्यावेत. दोन-दोन काढावेत, नोंद करावी आणि प्रत्येक वेळी काढलेला चिंचोका परत टाकावा. खूप जोड्या काढल्यावर १०० जोड्यांमागे सुमारे ८१ काळ्या, १८ मिश्र आणि १ पांढरी असे प्रमाण येते. इंग्लंडचा गणिती हार्डी आणि जर्मनीचा वैद्य वाइनबर्ग यांनी १९०८ मध्ये स्वतंत्रपणे सांगितलेला नियम तो हाच. एका आजारी मुलामागे अठरा निरोगी वाहक! वाहक असणे हा रोगही नव्हे, कलंक तर नव्हेच. उलट ॲलिसन याने १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखविले की, वाहकांना घातक हिवतापापासून काही संरक्षण मिळते. म्हणूनच हिवतापाच्या प्रदेशांत हे जनुक टिकून राहिले.

परंतु जीवसंख्येची सीमा कोठे आखावी, यात खरी मेख आहे. समजा, सारख्याच वस्तीचे दोन पाडे आहेत. एकात या जनुकाचे प्रमाण शेकडा २० आहे, दुसऱ्यात शून्य. आणि लग्ने आपापल्या पाड्यातच होतात. दोन्ही एकत्र धरले तर प्रमाण शेकडा १० येते आणि नियमानुसार शंभरांत एकच आजारी अपेक्षिला जातो. वास्तविक पहिल्या पाड्यात शंभरांत ४ आजारी व ३२ वाहक असतात, दुसऱ्यात एकही नाही. म्हणजे एकूण शंभरांत २ आजारी. अपेक्षेच्या दुप्पट! कागदावर एकच गाव असले तरी जीवशास्त्राच्या दृष्टीने तेथे दोन जीवसंख्या नांदत असतात. २०२३ च्या जुलैमध्ये शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत रक्ततपासणीवर भर आहे तो यासाठीच. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता चारांत एक असते. 'पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तिघे सुटली' असा हिशेब कोणी केल्यास तो तत्काळ दुरुस्त करावा. आणि जाता जाता : थंडीच्या सकाळी कवायतीत मागे राहणारे, सांधे दुखतात म्हणणारे मूल आळशी ठरविण्यापूर्वी त्याची तपासणी झाली आहे की नाही, हे पाहावे. थंडी, अतिश्रम व पाणी कमी पिणे यांमुळे या मुलांच्या वेदना बळावतात.

मडके लहान असले म्हणजे काय होते, हेही पाहता येते. प्रत्येक गटाला ९ काळे व १ पांढरा असे दहाच चिंचोके द्यावेत. दहा वेळा एकेक काढून, नोंदून, परत टाकावा आणि जे निघाले त्यांचीच पुढची पिढी मांडावी. तीन गटांपैकी साधारण एका गटात पांढरा पहिल्याच पिढीत नाहीसा होतो. कोणी तो काढून टाकलेला नसतो. तो केवळ निघालेला नसतो. गीरचे सिंह अशाच लहान मडक्यातून आले आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी जुनागढच्या नवाबांच्या संरक्षणात ते अत्यंत थोडे उरले होते. २०२० मध्ये ते ६७४ आणि २०२५ मध्ये ८९१ भरले. आकडा वाढला, पण साठा त्या थोड्यांचाच. २०१८ मध्ये कुत्र्यांच्या एका साथरोगाचा विषाणू गीरच्या सिंहांत सापडला, तेव्हा सगळे सिंह एकाच प्रदेशात असण्याचा धोका सर्वांच्या ध्यानात आला. त्यांची दुसरी वसाहत मध्य प्रदेशातील कुनो येथे करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच दिलेला होता.

चौथीपर्यंतच्या वर्गांना मोजणीचा प्रयोग पुरेसा आहे. जोड्यांचा आणि पिढ्यांचा प्रयोग सहावी-सातवीसाठी ठेवावा. चुना आदल्या दिवशीच लावून चिंचोके उन्हात वाळवावेत, म्हणजे तासाला हात पांढरे होत नाहीत आणि खुणाही टिकतात.